चिवड्यात गेलेली अंगठी

भिवंडीजवळच्या कशेळीच्या केसरीनाथ मढवींना केसरीनाथ म्हणून हाक मारणारं गावात कोणी नाही. वडीलधारे केसऱ्या म्हणतात, बरोबरीचे दादूस म्हणतात, आणि ज्यांना त्यांच्या गोडाउनमध्ये गाळा हवा असतो ते शेठ म्हणतात. वडिलांनी जिथे भात लावला तिथे आता निळ्या पत्र्याची तीन गोडाउनं उभी आहेत. एकात चपला भरलेल्या असतात. दुसऱ्यात लोकांनी मोबाइलवरून मागवलेल्या आणि पसंत न पडल्यामुळे परत पाठवलेल्या वस्तू असतात. तिसऱ्यात फरसाणाचा कारखाना आहे. भाड्याचं सगळं मुलगा बघतो, धनेश. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर केसरीनाथांपुढे एकच प्रश्न उरला. सकाळी उठून, आंघोळ करून, गळ्यात चेन घालून पुढे करायचं काय?

त्यांच्या वयाच्या बाकीच्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवलेला होता. कोणी शर्यतीचे बैल पाळले, कोणी निवडणुकीला उभं राहण्याची तयारी सुरू केली आणि ती वर्षानुवर्षं चालूच ठेवली, कोणी नाक्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीला कायमचं सदस्यत्व दिलं. केसरीनाथांनी नोकरी धरली. तीही स्वतःच्याच तिसऱ्या गोडाउनात, फरसाणाच्या कारखान्यात, मेटल डिटेक्टरवर.

ते असं झालं. कारखान्याचं शटर अडकतं अशी तक्रार आली, धनेश घरी नव्हता, म्हणून केसरीनाथ स्वतः बघायला गेले. डोक्यावर जाळीची टोपी चढवून त्यांना आत सोडण्यात आलं. शटर राहिलं बाजूला, त्यांची नजर गेली एका सरकत्या पट्ट्यावर. चिवड्याची पारदर्शक पाकिटं त्यावरून रांगेने चालली होती आणि एका चौकोनी बोगद्यातून जाऊन पलीकडे निघत होती. एकाएकी बोगद्यावर लाल दिवा लागला, घंटी वाजली, आणि बाजूने एक लोखंडी हात पुढे आला. त्याने नेमक्या एका पाकिटाला धक्का मारून लाल पेटीत पाडलं. बाकीची पाकिटं जणू काही पाहिलंच नाही अशी पुढे गेली.

केसरीनाथांनी विचारलं, त्या पाकिटाने काय केलं?

ज्यांना विचारलं त्या सुकन्या भेरे. कारखान्याच्या क्वालिटीच्या प्रमुख. शहापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, खाद्यपदार्थांच्या तंत्राचं शिक्षण घेतलेल्या, वयाने केसरीनाथांच्या धनेशएवढ्या, आणि हसण्याच्या बाबतीत काटकसरी. त्यांनी उत्तर न देता पाकीट फोडलं, चिवडा ताटात पसरला आणि बराच वेळ शोधून चिमट्याने तारेचा एक तुकडा वर उचलला. पोहे चाळायच्या चाळणीची तार तुटली होती. तुकडा जिऱ्याएवढा असेल नसेल.

"काका, ही कोणाच्या तरी घशात अडकली असती," एवढंच म्हणून त्या चाळणी बदलायला निघून गेल्या.

केसरीनाथ तसेच घरी आले. शटर अजूनही अडकतं.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मॅनेजर दीपेशना वाटलं, शेठ भाडं वाढवायच्या आधी कारखाना किती जोरात चालतो त्याचा अंदाज घेताहेत. त्यांनी चहा मागवला, मंदीबद्दल बोलायला सुरुवात केली. शेठना मशीनवर काम हवंय हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला, कारण घरमालकाला नोकरीवर ठेवायचं कसं, त्याला उशीर झाला तर बोलायचं कसं, याचा कुठे काही नियम नव्हता. सुकन्या म्हणाल्या, नियम आहे. प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, पास झालात तर मशीनवर उभे राहा. केसरीनाथांनी प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि पास झाले. त्या संध्याकाळी त्यांनी घरी पेढे आणले. बायकोने, गुलाबबायने, पेढा तोंडात टाकून विचारलं, "आपल्याच घरात गडी म्हनून ऱ्हायल्याचं पेढं वाटतांव का आपन?" धनेशने पेढा घेतलाच नाही. त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर बाबांचा टोपीतला फोटो आधीच फिरून आला होता.

टोपी एकवेळ परवडली, सोन्याचं प्रकरण अवघड होतं. कारखान्यात दागिना चालत नाही. दागिन्याचा खडा पडतो, कडी तुटते, आणि मग ती शोधायला अख्खा दिवस जातो. आमच्याकडच्या पुरुषाला सोनं उतरव म्हणणं म्हणजे जरा नाजूकच काम. पण केसरीनाथ रोज सकाळी गेटवरच्या लॉकरपुढे उभे राहून बोटाएवढी जाड चेन, कडं, घड्याळ आणि सगळ्या अंगठ्या शांतपणे काढत. विसर्जनानंतर मखर उतरवतात तसा तो कार्यक्रम चाले. वॉचमन तेवढा वेळ अदबीने दुसरीकडे बघे. शेवटी मिशीवर मास्क चढला की ओळखीचं असं काहीच शिल्लक राहत नसे. पांढऱ्या कोटातल्या त्या घोळक्यात शेठ कोण आणि फरशी पुसणारा कोण, ते आईलाही सांगता आलं नसतं.

आणि केसरीनाथांना तेच हवं होतं. जमीन वडिलांची, गोडाउन बिल्डरने बांधलेलं, भाडं धनेशने ठरवलेलं. मशीनसमोरची ती दोन हातांची जागा मात्र त्यांनी परीक्षा देऊन मिळवलेली. बाहेर रस्त्यावर लोक त्यांच्या चुकांना शेठची लहर म्हणत. आत चुकलं की चूकच म्हणत. एकदा त्यांनी नखं वाढवली म्हणून सुकन्यांनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं, आणि ती हकीकत त्यांनी लग्नाच्या तीन पंगतींत कौतुकाने सांगितली होती.

मशीनचं काम दिसायला सोपं. पाकिटं जातात, माणूस बघतो. पण मशीन जागं आहे की नुसतंच उभं आहे, हे दर तासाला तपासायचं असतं. त्यासाठी तीन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. एकीत लोखंडाची गोळी बसवलेली, दुसरीत पितळेची, तिसरीत स्टीलची. गोळ्या मोहरीएवढ्या. पट्टी पाकिटावर ठेवून बोगद्यातून सोडायची. तिन्ही वेळा घंटी वाजली पाहिजे आणि लोखंडी हाताने त्याच पाकिटाला ढकललं पाहिजे. एकदा जरी चुकलं तरी लाइन बंद, आणि मागच्या तपासणीपासूनचा सगळा माल परत बोगद्यातून. केसरीनाथ हे काम आरतीच्या वेळेसारखं पाळत. पट्ट्या त्यांनी स्वतःच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असत आणि दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

घोटाळा झाला तो या मायेतूनच, दसऱ्याला.

भिवंडीत दसऱ्याला यंत्राची पूजा होत नाही असा कोपरा सापडायचा नाही. लूमला हार, ट्रकला हार, पिठाच्या गिरणीला हार, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो मोटारसायकलला तरी लिंबू बांधतो. फरसाणाच्या कारखान्यात मात्र फुलाच्या पाकळीलाही बंदी. कुंकू नको, तांदूळ नकोत, नारळ तर नकोच, करवंटीची कपची उडाली तर तिला घंटी वाजत नाही. मेटल डिटेक्टर धातू ओळखतो, श्रद्धा ओळखत नाही. कामगार कुरकुरले. तेव्हा सुकन्यांनी तोड काढली. प्रत्येक मशीनचा फोटो काढून मोठा छापून घेतला, ते सगळे फोटो बाहेरच्या पॅसेजमध्ये देवीच्या तसबिरीखाली मांडले, आणि सांगितलं की हार, कुंकू, काय करायचं ते इथे करा, आत नाही. लोकांना पटलं. तळणीच्या कढईच्या फोटोला तर इतकं कुंकू लागलं की कढई दिसेना.

फोटोंपुढे हत्यारांचं ताट होतं. मेकॅनिकचे पाने, वजनकाट्याची वजनं, गोणी उसवायच्या कात्र्या. केसरीनाथांनी आपल्या तीन पट्ट्या फडक्यातून काढल्या, पुसल्या आणि त्या ताटात ठेवल्या. हात जोडले. वर झेंडूची फुलं पडली आणि पट्ट्या दिसेनाशा झाल्या.

आता मढवींच्या घरात पद्धत अशी, की दसऱ्याला पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला झोपू द्यायचं. केसरीनाथांचे वडील त्या दिवशी विळा तर सोडाच, घरातली विळीसुद्धा हलवू देत नसत. भाजी आदल्या दिवशी चिरलेली असे. पूजा झाल्यावर कारखान्याला सुट्टीच असायची, म्हणून हे सगळं सरळ जमून आलं असतं. पण दिवाळीच्या मालाची गाडी संध्याकाळी नाशिकला निघायची होती आणि दीपेशनी ऐनवेळी दुपारची अर्धी शिफ्ट लावली.

लाइन सुरू झाली. केसरीनाथांना आपल्या मशीनकडे बघवेना. रस्त्यावरच्या टेम्पोला हार आणि आपल्या मशीनचा गळा मोकळा. फोटोची पूजा झाली होती हे खरं, पण लग्नात नवऱ्यामुलाच्या फोटोला बाशिंग बांधून भागतं का? त्यांनी यावर आधीच विचार करून ठेवलेला होता. भिवंडीच्या बाजारातून झेंडूची एक प्लास्टिकची माळ आणली होती. गळत नाही, सुकत नाही, पाकळी पडत नाही. नियम फुलाविरुद्ध होता आणि हे फूल नव्हतंच, असा त्यांचा युक्तिवाद. ती माळ त्यांनी बोगद्याच्या पलीकडच्या तोंडावर बांधली आणि समाधानाने दोन पावलं मागे सरले.

मग तपासणीची वेळ झाली.

पट्ट्या ताटात. ताटातलं उचलायचं नाही. दुसरा संच सुकन्यांच्या कपाटात होता, पण तो मागायला जावं तर त्या आधी पहिला कुठे आहे ते विचारणार. लाइन थांबवावी तर गाडी खोळंबणार. केसरीनाथ हात धुण्याच्या निमित्ताने बाहेर आले, लॉकर उघडला आणि साखरपुड्यात सासऱ्यांनी घातलेली अंगठी घेऊन आत गेले.

पाकिटं सील करायच्या मशीनवर भूपेश होता, वाडा तालुक्यातला. केसरीनाथांनी चिवड्याच्या एका पाकिटात अंगठी टाकली आणि ते त्याच्याकडून सील करून घेतलं. भूपेश म्हणाला की दादूस, असं कुठं असतं का? केसरीनाथांनी त्याला समजावलं. पट्टीत धातू, अंगठीत धातू. घंटी वाजल्याशी मतलब. मोहरीएवढी गोळी पकडणाऱ्या मशीनने अंगठी पकडली यात मशीनची कोणती परीक्षा झाली, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला होता आणि त्यांनी तो बरोबर सोडवला होता. पण त्या दिवशी परीक्षा नव्हती, दसरा होता.

अंगठीचं पाकीट गेलं, घंटी वाजली, हाताने ढकललं. केसरीनाथांनी लाल पेटीतून पाकीट काढून बाजूला ठेवलं. पुढच्या तासाला पुन्हा तेच, पुन्हा घंटी, पुन्हा लाल पेटी. पाकिटावर खूण करायची सोय नव्हती, आत पेन न्यायला बंदी. त्याच्या पुढच्या तासालाही दिवा लागला, घंटी वाजली, हात पुढे आला, पाकीट पेटीत पडलं. केसरीनाथांनी ते उचलून ठेवलं. चौथ्यांदा तेच पाकीट बोगद्यात सोडलं तर मशीन गप्प. दिवा नाही, घंटी नाही. पाकीट आपलं आरामात पुढे निघालं.

त्यांनी ते उचलून हलवलं, दाबलं, उजेडाकडे धरलं, शेवटी फोडलं. आत चिवडा होता. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप. अंगठी नव्हती.

मग त्यांची नजर माळेकडे गेली. पंख्याच्या वाऱ्याने तिची एक सर सुटून खाली लोंबत होती, आणि ती हलत होती एका बारीक काचेच्या भिंगापुढे. ते भिंग म्हणजे मशीनचा दुसरा डोळा. बोगदा सांगतो की धातू आहे, आणि हा डोळा सांगतो की तो आत्ता कोणत्या पाकिटात आहे. डोळ्यापुढे झेंडू झुलत होता. गेल्या तासाला घंटी बरोबर वाजली होती, पण हाताने मागच्या निरपराध पाकिटाला ढकललं होतं, आणि अंगठीवालं पाकीट खोक्यात बसून, चिकटपट्टी लावून घेऊन, दारात उभ्या असलेल्या गाडीकडे गेलं होतं. एका तासाचा माल तसाच गेला होता.

केसरीनाथांनी लाइन थांबवायचं लाल बटण दाबलं आणि स्टुलावर बसले. भूपेश जवळ आला. झालेली गोष्ट त्याच्या लगेच ध्यानात आली. त्याने इकडेतिकडे बघितलं.

"दादूस, माळ काढा आनि गप ऱ्हावा," तो हळू आवाजात म्हणाला. "ज्याला गावंल त्याची दिवाळी. चिवड्यात सोनं निघालं म्हनून कोन तक्रार करील?"

हे खरं होतं. खाण्यात सापडणाऱ्या वस्तूंपैकी ही बहुधा एकच, जिच्याबद्दल कंपनीला कधी पत्र आलं नसतं. अंगठीचं केसरीनाथांना फारसं काही नव्हतं, सासऱ्यांचं वजनाच्या बाबतीत औदार्य बेताचंच होतं. गप्प राहिलं तर मशीनवरची जागा राहत होती. बोललं तर जात होती. नियमच तसा, आणि तो त्यांना पाठ होता.

"सोनं सापडंल त्याला," ते म्हणाले. "आनि तार सापडंल त्याला? या तासाभरात घंटी किती वेला वाजली ते मना काय ठावं? मी अंगठीकडं बगत व्हतो."

भूपेश म्हणाला, घंटी एकदाच वाजली असेल. असेल, केसरीनाथ म्हणाले, आणि उठून सुकन्यांकडे गेले.

सुकन्या तळणीपाशी तेल तपासत होत्या. केसरीनाथांनी सगळं क्रमाने सांगितलं. ताट, माळ, अंगठी. मध्ये एकदाही दीनवाणं तोंड केलं नाही आणि एकदाही दसऱ्याचं कारण पुढे केलं नाही. सुकन्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, कारण अर्धा चेहरा मास्कमध्ये होता. त्यांनी आधी फोन करून गाडी थांबवली, मग कपाटातला दुसरा संच काढला, मग स्वतःच्या हाताने माळ सोडवून तिची एकेक पाकळी पारखली. सगळ्या होत्या.

गाडीत चढलेली खोकी उतरवायची म्हटल्यावर ड्रायव्हरने स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. "अरे चाचा, आज के दिन तो सोना बाँटते हैं," तो म्हणाला, "आप वापस माँग रहे हो."

पट्ट्या अंगठीच्या जागी काम करू शकतात, अंगठी पट्ट्यांच्या जागी नाही. म्हणून एका तासाचा नाही, शिफ्ट सुरू झाल्यापासूनचा सगळा माल खोकी फोडून परत बोगद्यातून काढायचं ठरलं. पुजलेल्या पट्ट्यांना सुकन्यांनीही हात लावला नाही हे सांगितलं पाहिजे. दुसरा संच होताच. खोकी उघडायला सगळेच लागले, पॅसेजमध्ये पूजेचे पेढे खात बसलेले मेकॅनिकसुद्धा.

बातमी कळून दीपेश धावत आले. त्यांनी केसरीनाथांना बाजूला नेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सुकन्यांना म्हणाले की रिपोर्टमध्ये मशीनच्या सेन्सरमध्ये बिघाड असं लिहून टाकू. शेठचं नाव कशाला मध्ये आणायचं? गाळ्याचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. सुकन्यांचा पगार दीपेशच्या सहीने होत होता आणि छप्पर केसरीनाथांचं होतं. हातातल्या पट्टीकडे बघत त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

केसरीनाथ खुर्चीवरून उठले.

"मशीनचा काय दोष?" ते म्हणाले. "त्याच्या डोल्यावर झेंडू मी बांधला. मॅडम, नियमात हाय तसं लिवा. करार धनेशकडं हाय, त्याला चिवड्यातलं काय कलत न्हाय."

सुकन्यांनी लिहिलं.

अंगठी सापडली ती गाडीत अगदी आत गेलेल्या खोक्यात. घंटी वाजली, आणि या वेळी हाताने बरोबर पाकिटाला ढकललं. त्यानंतर शेवटच्या पाकिटापर्यंत घंटी पुन्हा वाजली नाही. तार नव्हती, खिळा नव्हता, काही नव्हतं. भूपेशने केसरीनाथांकडे असं पाहिलं की बघा, मी म्हणत होतो. केसरीनाथांनी बघितलं नाही असं दाखवलं. ड्रायव्हर गाडी घेऊन घाटाच्या रस्त्याला लागला तेव्हा त्याच्या केबिनमध्ये चिवड्याची दोन फोडलेली पाकिटं होती. त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

अंगठी मिळाली म्हणून केसरीनाथांनी हात पुढे केला. पण कारखान्याच्या नियमाप्रमाणे मालात सापडलेली बाहेरची वस्तू वर्षभर जपून ठेवावी लागते, पुढे कोणाला तपासायची असेल तर. सुकन्यांनी अंगठी छोट्या पिशवीत घातली, सील केली, वर तारीख लिहिली, "पदार्थ: सोने" असं लिहिलं, आणि प्रयोगशाळेच्या कपाटात चाळणीची तार, गोणीचा सुतळीचा तुकडा आणि कुठल्याशा शर्टाचं बटण यांच्या शेजारी ठेवून दिली. आजही ती तिथेच आहे. कपाटातल्या त्या संग्रहाला तिच्यामुळे जरा वजन आलं आहे.

घरी गुलाबबायने पाट मांडला, ताट वाढलं आणि त्यांचं रिकामं बोट बघितलं. हकीकत ऐकल्यावर ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चिवडा मी केला असता त पयल्या घासाला गावली असती. तुमाला मशीन लागते." धनेशचं म्हणणं मात्र गंभीर होतं. झालं तेवढं हसं पुरे, उद्यापासून जाऊ नका, मी दीपेशशी बोलतो, ते काही तुम्हाला काढणार नाहीत. यावर केसरीनाथ जेवताना थांबून म्हणाले, "काडतील. काडलंच हाय. सोमवारपासून मी पुठ्ठ्यावर." आणि त्यांनी भात मागून घेतला.

पुठ्ठ्यावर म्हणजे खोकी घडी करायच्या विभागात. तिथे सगळ्या बायका, जवळच्या टेमघर आणि कोन या गावांतल्या. पहिल्या दिवशी त्या संकोचल्या, गोडाउनचा मालक शेजारी बसून पुठ्ठा दुमडतोय म्हटल्यावर पदर सावरावा की हसावं ते त्यांना कळेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी हसायचं ठरवलं. कोनच्या तुळजाबाईंनी त्यांची चार खोकी उलगडून परत करायला लावली. केसरीनाथांना मशीनकडे बघायची परवानगी नव्हती असं काही नाही, पण ते तिकडे पाठ करून बसत. घंटी वाजली की त्यांचे हात तेवढे थबकत.

पुन्हा मशीन हवं तर परीक्षा पुन्हा द्यायची होती, आणि या वेळी तोंडी. एका दुपारी सुकन्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काचेच्या पलीकडे दीपेशच्या खोलीत धनेश करारावर सह्या करायला आला होता. बापाने मुलाकडे पाहिलं नाही. मुलाने पाहिलं.

सुकन्यांनी बोगद्याबद्दल विचारलं, डोळ्याबद्दल विचारलं, गोळ्यांच्या मापाबद्दल विचारलं. केसरीनाथांनी सगळं धडाधड सांगितलं. शेवटी सुकन्यांनी विचारलं, "काका, तपासणीची वेळ झाली आणि पट्टी हाताशी नाही. काय कराल?"

"लाइन थांबवीन."

"दसरा असला तर?"

पास व्हायला नुसतं लाइन थांबवीन असं पुन्हा म्हटलं तरी पुरत होतं. पण केसरीनाथ म्हणाले, "पट्ट्यांची पूजा व्हायलाच पायजे. तवा मी त्या दिशी तुमच्या कपाटातला दुसरा संच आधीच आनून ठेवीन."

"आणि मी नसले, कपाटाला कुलूप असलं तर?"

पलीकडे धनेशची सही करून झाली, पेन बंद झालं, चहा आला.

"त मंग ताटातली उचलीन," असं म्हणायला हवं असं त्यांना वाटलं, आणि ते तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते खोटं झालं असतं. त्यांनी मान हलवली. "ताटातली न्हाय उचलता येनार, मॅडम. मनाच न्हाय उचलता येनार. तवा कोनाला तरी उचलायला सांगीन."

सुकन्यांनी पेन खाली ठेवलं. हसण्यातली काटकसर त्या दिवशी जरा सैल झाल्यासारखी वाटली, पण ते नक्की सांगता येत नाही.

"लाइन थांबवीन, एवढंच उत्तर होतं," त्या म्हणाल्या. "नापास. पुढच्या महिन्यात परत या."

केसरीनाथ उठले. दारात दीपेश उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं आणि त्यांचा चेहरा पडला होता. मॅडमचं मनावर घेऊ नका शेठ, असं काहीतरी ते बोलू लागले. केसरीनाथांनी त्यांना हाताने थांबवलं. धनेश चहाचा कप तसाच ठेवून बाहेर आला. गाडी आणली आहे, आता बरोबर घरी चला, असं तो हळूच म्हणाला.

"तू जा," केसरीनाथ म्हणाले. "माजी शिफ्ट सुटली न्हाय अजून."

पुठ्ठ्यावरच्या बायकांनी काय झालं ते विचारलं. त्यांनी टोपी नीट केली, मास्क वर घेतला आणि बसता बसता सांगितलं, "नापास केलान मना, तोंडावर." तुळजाबाई म्हणाल्या, मग उचला तो गठ्ठा, तो सकाळपासून तुमच्या नावाचा पडलाय. केसरीनाथांनी गठ्ठा उचलला.